रांगोळीला पुरणपोळी

घरात कोणी आजारी पडले म्हणजे काय करावयाचे, अवेळी पाहुणे आले म्हणजे काय रांधावयाचे, हे आपल्याकडे लहानथोरांस ठाऊक असते. परंतु घरातील एखाद्या मुलाने किंवा सुनेने आपली पहिली कविता लिहून ती भीत भीत पुढे केली म्हणजे काय बोलावयाचे, हे मात्र बहुधा कोणासच ठाऊक नसते. कोणी "वा, छान!" म्हणून कागद परत देतो, कोणी चष्मा पुसून ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढू लागतो, कोणी जेवणाच्या पंक्तीत ती मोठ्याने वाचून हशा पिकवितो. तिन्ही प्रकारांत लिहिणाराच्या पदरी काहीच पडत नाही. जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांत मिळून आम्ही ३२ वर्षे शिक्षकाचा व्यवसाय केला. आणि शाळेच्या हस्तलिखित अंकाकरिता आलेल्या कविता तपासण्याचे काम, संस्कृत जाणणारा मनुष्य म्हणून, दर वर्षी आमच्याच गळ्यात पडत आले. त्या अनुभवावरून या विषयासंबंधी चार शब्द लिहावेत, असे पुष्कळ दिवस मनात होते.

हा विषय क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. पोराने चार ओळी जुळविल्या, त्यात एवढे काय, असा हा आक्षेप. परंतु आपल्या पूर्वसूरींनी तो क्षुल्लक मानिलेला नाही. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने 'काव्यप्रकाशा'त काव्य निर्माण होण्यास तीन गोष्टी लागतात असे सांगितले आहे : अंगची शक्ती, लोकव्यवहार व शास्त्रे यांच्या अवलोकनाने येणारी निपुणता, आणि काव्य जाणणारांच्या शिकवणुकीखाली केलेला अभ्यास. या तीन गोष्टी म्हणजे तीन निरनिराळी कारणे नव्हेत, तिन्ही मिळून एकच कारण, असे त्याने मुद्दाम एकवचन योजून स्पष्ट केले आहे. यांपैकी पहिली गोष्ट ईश्वराधीन. दुसरी ज्याची त्याने मिळवावयाची. तिसरी मात्र, ज्याच्या हाती कागद दिला गेला त्या तुमच्या-आमच्यासारख्या मनुष्यावर अवलंबून आहे. तेव्हा अभिप्राय हा कविता संपल्यावर देण्याचा शेरा नसून कवितेच्या घडणीतलाच एक भाग आहे, हे ध्यानात ठेविले पाहिजे.

मम्मटाच्याही पूर्वी, इ. स. ९०० च्या सुमारास, राजशेखर होऊन गेला. हा कनोजच्या दरबारी वावरला. पण आपला पणजा अकालजलद यास तो 'महाराष्ट्रचूडामणि' म्हणवितो, त्या नात्याने तो आपल्या घरचाच. त्याच्या 'काव्यमीमांसे'त काव्याची पारख करणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. पहिला अरोचकी : याला काहीच रुचत नाही. दुसरा सतृणाभ्यवहारी : हा गवतासकट सारे खाऊन टाकतो, म्हणजे बरेवाईट न निवडता सगळ्यालाच मान डोलावतो. तिसरा मत्सरी : याला गुण दिसतात, पण तोंडातून निघत नाहीत. चौथा तत्त्वाभिनिवेशी : हा शब्दांची जुळणी पाहतो, आशयाच्या तळाशी जातो, आणि लिहिणाराचे श्रम ओळखतो. असा मनुष्य हजारांत एखादा, असे राजशेखर म्हणतो. वाचकांनी आपल्या घरातील मंडळी एकदा डोळ्यांपुढे आणावी. थोरले काका अरोचकी, आत्याबाई सतृणाभ्यवहारी, आणि ज्याची स्वतःची कविता गेल्याच महिन्यात 'साभार परत' आली तो मधला भाऊ तिसऱ्या वर्गातला, अशी वाटणी पुष्कळ घरांत सापडेल. चौथी जागा बहुधा रिकामीच असते; आणि थोडी मेहनत घेतली तर ती भरून काढणे अगदीच अशक्य नाही, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

नवशिक्याची कविता बहुधा यमकाची असते, म्हणून आधी यमकाविषयी. संस्कृतात 'यमक' या शब्दाचा अर्थ निराळा आहे; तोच वर्णसमूह निराळ्या अर्थाने पुन्हा येणे म्हणजे तेथे यमक. चरणाच्या शेवटी जुळणारा जो प्रास आपण मराठीत यमक म्हणतो, त्याची कालिदासास कधी गरज भासली नाही. मराठीचे तसे नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली; तिच्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असून चौथा आखूड व मोकळा असतो. पुढे वामन पंडितास तर लोकांनी 'यमक्या वामन' असेच नाव दिले, आणि मोरोपंतांनी आर्येला यमकाचे अलंकार घालण्यात हयात वेचली. जात्यावरच्या ओव्या, अभंग, आरत्या, बडबडगीते या सगळ्यांतून यमक आपल्या मुलांच्या कानांत बोलता येण्यापूर्वीच शिरते. तेव्हा मूल लिहू लागले की यमकातच लिहिणार. हल्ली काही मंडळी मुलांस एकदम "यमक सोडा, मुक्त लिहा" असे सांगतात; ते आम्हांस पटत नाही. यमकाने कान तयार होतो, ओळ तोंडात राहते, आणि कोठे थांबावयाचे हे आपोआप कळते.

परंतु यमकास एक ओढ असते. 'फूल' लिहिले की 'मूल' दारात उभेच. 'आकाश' म्हटले की 'प्रकाश' बोलाविल्यावाचून येतो. हे जोडशब्द इतरांनी वापरून वापरून गुळगुळीत केलेले असतात, आणि ते एकटे येत नाहीत. दुसऱ्याने पाहिलेले दृश्य व दुसऱ्याला झालेला आनंद बरोबर घेऊन येतात. लिहिणाराला वाटते आपण यमक साधले. वस्तुतः त्या यमकाने त्याच्याकडून भलतेच वदवून घेतलेले असते. म्हणून नवशिक्याची कविता हाती आली म्हणजे आम्ही प्रथम प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द पाहतो, आणि हा शब्द अर्थासाठी आला की जोडीसाठी आला एवढेच स्वतःशी विचारतो. याचे एक उदाहरण विस्ताराने देतो.

त्यासाठी आमच्या मुलखाची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. ते १९४८ मध्ये मुंबई इलाख्यात विलीन झाले. पुढे हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता, व १ ऑगस्ट २०१४ पासून तो नव्या पालघर जिल्ह्यात आला. जव्हारच्या पुढे मोखाडा, आणि मोखाड्यावरून त्र्यंबकेश्वराची वाट. जमीन डोंगरउताराची, पाऊस दांडगा, पण पाणी टिकत नाही, नागली, वरई आणि थोडे भात एवढेच पीक. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी यांची ही वस्ती. घरचे धान्य वर्षभर पुरत नाही. म्हणून दिवाळी आटोपली की पुष्कळ कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर कामास जातात. होळीला चार दिवस घरी येतात, पुन्हा जातात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहिली तर त्यांचे शिक्षण चालते. आईबापांमागे भट्टीवर गेली तर बहुधा सुटते.

या मुलांच्या घरी अक्षर नसले तरी गाणे भरपूर असते. वारल्यांच्या लग्नात धवलेरी नावाची बाई गाणी म्हणून लग्नविधी पार पाडते. पावसाळ्याच्या अखेरीस तारपा वाजू लागला की त्या नादावर नाच धरतात. तेव्हा ताल आणि ठेका त्यांस शिकवावा लागत नाही. अडचण निराळीच आहे. घरची बोली शाळेत चालत नाही, आणि पुस्तकातली भाषा घरी कोणी बोलत नाही. कविता ही पुस्तकात छापलेली वस्तू. सबब आपल्या घरातले काही तिच्यात यावयाचे नाही, अशी त्यांची पक्की समजूत होऊन बसते. अशा मुलाच्या कवितेवर लाल शाईने रेघ ओढताना आपण केवळ एक शब्द खोडीत नसतो. त्याच्या घरालाच दाराबाहेर ठेवीत असतो.

काही वर्षांपूर्वी इयत्ता नववीतील एका मुलीने हस्तलिखित अंकाकरिता पुढील कविता आणून दिली :

आली आली दिवाळी, दारी काढू रांगोळी;
आई करी करंज्या, संगे पुरणपोळी.
दारी माझ्या वाजती फटाक्यांचे ते बार;
सारे गाव आनंदी, सुख झाले हो फार.
दिवाळी सरली की सारे भट्टीला जाती;
कुलूप नाही दारा, काटी लावून जाती.

'काटी' म्हणजे काटेरी फांदी. गुरे आत शिरू नयेत म्हणून ती दाराला आडवी लावतात.

आमच्या एका सहशिक्षकांनी ती वाचली व पहिल्या चार ओळींवर बरोबरची खूण करून शेवटच्या दोन ओळी खोडाव्यात असे सुचविले. त्यांची कारणे अगदीच टाकाऊ नव्हती. अंक दिवाळीचा, त्यात घर ओस पडल्याची अशुभ भाषा कशाला? शिवाय 'जाती'ला 'जाती' हे यमक नव्हे, ती नुसती पुनरुक्ती. शास्त्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर होते. एकाच अर्थाने तोच शब्द पुन्हा आला तर मम्मटही त्यास यमक म्हणणार नाही. उलट 'रांगोळी–पोळी', 'बार–फार' ही यमके निर्दोष, आणि प्रत्येक चरणात मोजून सात अक्षरे. पण सहाही ओळी एका दमात वाचल्या म्हणजे ध्यानात येई की, जेथे यमक चोख होते तेथे त्या मुलीने काहीच सांगितले नव्हते. आणि जेथे ते फसले होते तेथेच ती काहीतरी सांगत होती.

आम्ही तिला बोलावून म्हटले, "बाळ, तूच वाचून दाखव पाहू." तिने पहिल्या चार ओळी पाढे म्हटल्यासारख्या भरभर म्हटल्या, शेवटच्या दोन ओळींना तिचा आवाज खाली आला.

"तुमच्याकडे दिवाळीला पुरणपोळी होते का गं?"

"नाही, गुरुजी."

"मग करंज्या?"

"त्याही नाहीत. चवळीच्या शेंगा आणि कंद उकडतात."

"मग पुरणपोळी का लिहिलीस?"

ती आमच्याकडे आश्चर्याने पाहत म्हणाली, "रांगोळी आली ना, गुरुजी! रांगोळीला पोळीच लागते."

"बरे; आणि काटी कशाला लागली?"

यावर ती काही वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "ती अशीच आली."

या एका संभाषणात आमच्या सगळ्या लेखाचे सार आहे, असे म्हणावयास हरकत नाही. आम्ही तिला एवढेच सांगितले की, शेवटच्या दोन ओळी आम्हांस दिसल्या, आधीच्या चार दिसल्या नाहीत. आपल्या दारी दिवाळीच्या सकाळी काय काय असते ते आठव, आणि चार दिवसांनी वही पुन्हा आण. 'तारपा' हा शब्द आमच्या जिभेवर आला होता. तो आम्ही गिळला. आम्ही तो दिला असता तर तिने निमूटपणे लिहून घेतला असता, आणि कविता तिची उरली नसती, आमची झाली असती. गुरूने दिलेला शब्द परत करण्याची सोय शिष्याला नसते, हे मोठ्यांनी ओळखले पाहिजे.

पाचव्या दिवशी ती वही घेऊन आली. फटाक्यांची द्विपदी तिने सबंध काढून टाकली होती. फटाके बाजारात वाजतात, पाड्यावर ऐकूही येत नाहीत, असे तिचे म्हणणे. पहिली द्विपदी आता अशी होती :

आली आली दिवाळी, दारी काढू रांगोळी;
रानातून ये आई, डोईवरती मोळी.

रांगोळीला पोळीच लागते असे नाही, मोळीही चालते, हे तिचे तिनेच शोधून काढले. यमक पहिल्याइतकेच चोख, अक्षरे सातच, आणि आता सणाच्या दिवशीही लाकडाचा भारा वाहून आणणारी एक बाई त्या ओळीत चालत आली होती. 'जाती–जाती'चा नियम आम्ही तिला समजावून सांगितला, कारण नियम लपवून ठेवणे हीही एक प्रकारची फसवणूकच होय. तिने विचार केला व म्हणाली, "पण तसेच जातात, गुरुजी." ती ओळ तिने तशीच ठेविली. नियम ठाऊक असून तिने तो मोडला, म्हणून आम्हीही आग्रह धरिला नाही. आणि सहशिक्षकांनीही नवी प्रत वाचल्यावर आपली सूचना आपण होऊन मागे घेतली.

घरची बोली आणि घरची वस्तू कवितेत राहू द्यावी, या आमच्या म्हणण्यास महाराष्ट्रात फार मोठा आधार आहे. जळगाव जिल्ह्यातील असोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितावाचता येत नव्हते. शेतीची व घरची कामे करताना त्या जी गाणी म्हणत, ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव व दुसरे एक आप्त लिहून ठेवीत. बहिणाबाई १९५१ मध्ये वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांस दाखविली. अत्र्यांनी तिचे मोल तत्काळ ओळखून ती छापण्याचा आग्रह धरला, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' त्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. यात आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, ती खानदेशी बोली पुणेरी करण्याचा उपद्व्याप कोणी केला नाही. आणि हेच अत्रे 'केशवकुमार' या नावाने १९२५ साली 'झेंडूची फुले' लिहून बड्या बड्या कवींची यथेच्छ टर उडविणारे होते. नावारूपास आलेल्या कवीची थट्टा करावी, त्याला ती पचते. नव्या अंकुरावर ती करू नये, हा विवेक त्यांच्या ठायी होता.

दुसरे उदाहरण वि. स. खांडेकरांचे. खांडेकर शिरोड्यास अनेक वर्षे शिक्षक होते, तेव्हा ते आमच्याच जातकुळीचे. कुसुमाग्रजांच्या कवितांनी ते इतके भारले की, १९४२ साली 'विशाखा' हा संग्रह त्यांनी स्वतः पुढाकार घेऊन प्रसिद्ध केला व त्यास प्रस्तावनाही लिहिली. तिसरे उदाहरण बालकवींचे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात अवघ्या सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे याने कविता म्हटली, आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यास 'बालकवी' ही पदवी दिली. ही गोष्ट सर्वांस माहीत असते; परंतु पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरात त्याला घरच्या मुलासारखा आसरा मिळाला, हे कमी जण ध्यानी घेतात. पदवी एका दिवसात देता येते. वहीकडे रोज पाहणारे घर मिळणे हे त्याहून दुर्मिळ.

आता अशा घरांविषयी. आमचे तीर्थरूप वृत्ते व अलंकार घरीच शिकवीत. आमच्या थोरल्या चुलतबंधूंनी एकदा मंदाक्रान्तेत चार चरण रचून त्यांच्यापुढे ठेविले. तीर्थरूपांनी कागदाकडे न पाहता "म्हण" म्हणून सांगितले. त्यांनी म्हटले. "पुन्हा म्हण." पुन्हा म्हटले. तिसऱ्या खेपेस तिसऱ्या चरणात, चौथ्या अक्षरापाशी जेथे यती यावयाचा, तेथे एक लांब शब्द मधोमध तुटत होता. बंधू स्वतःच अडखळले व हसू लागले. तीर्थरूप एवढेच म्हणाले, "सापडले ना? आता जेवावयास चला." ही रीत आम्ही पुढे आयुष्यभर वापरली. लिहिणाराकडूनच मोठ्याने वाचवून घ्यावे. निम्मे दोष त्याचे त्यालाच ऐकू येतात, आणि ते दुसऱ्याने दाखविल्याचा अपमान वाचतो.

याउलट आमच्याच आप्तवर्गातील एका पुतण्याची गोष्ट. तो लहानपणी कविता करी. दर सणाला त्याला पाटावर बसवून कविता म्हणावयास लावीत, आणि सारे घर टाळ्या पिटी. दोष कोणी एकही दाखविला नाही. वीस-बावीस वर्षांचा झाल्यावर त्याने कविता बाहेर पाठविल्या. त्या परत आल्या, आणि पहिल्याच नकाराने तो इतका खचला की त्याने वही माळ्यावर टाकली ती टाकलीच. त्याला शक्ती नव्हती असे नाही. घाव सोसण्याची सवय नव्हती. घरच्यांनी मायेपोटी जे हातचे राखले, ते परक्यांनी एकदम चुकते केले. हल्ली तर कविता भ्रमणध्वनीवरून धाडताच क्षणात पन्नास जण हात जोडलेली चित्रे धाडतात. त्या पन्नासांत शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे किती, हे देवच जाणे.

तेव्हा वडील मंडळींनी थोडी पथ्ये पाळावीत असे आम्ही सुचवितो. कोणाची वही त्याच्या अनुज्ञेवाचून उघडू नये, आणि पंक्तीत तर मुळीच वाचू नये. कविता वाचल्यावर प्रथम आपणांस काय समजले ते साध्या शब्दांत सांगावे. जे समजले ते कवीच्या मनातले नसेल, तर दोष कोठे आहे हे त्याला तेथल्या तेथे कळते. मग जी ओळ खरी वाटली ती बोट ठेवून दाखवावी, कारण "छान" या शब्दापासून कोणी काही शिकत नाही. पण "ही ओळ छान" यापासून पुष्कळ शिकतो. दोष एका वेळी एकच दाखवावा. 'ते', 'हो', 'तो' असले भरतीचे शब्द पहिल्याच दिवशी उपटीत बसू नये. संस्कृत कवींनाही 'च', 'वै', 'तु', 'हि' यांचा आधार घ्यावा लागलाच आहे. ऱ्हस्वदीर्घ शेवटी. घरात नवी आलेली सून लिहीत असेल तर हे सर्व दुप्पट जपून करावे. तिच्यापाशी माहेरून आणलेले असे जे थोडे असते, त्यातलीच ती एक वही असते.

आणि ज्यांना अभिप्राय घ्यावयाचा आहे त्यांनाही दोन शब्द. कविता दाखविली की तिचा अर्थ समजावून देऊ नये. जे समजावून द्यावे लागते ते ओळीत उतरलेले नसते. टीका ऐकताना उत्तर देऊ नये, आणि दोन दिवस काही दुरुस्तही करू नये. एकच कविता तिघांस दाखवावी : एक वृत्त जाणणारा, एक विषय जाणणारा, व एक कवितेची फारशी आवड नसलेला. तिघेही एकाच ठिकाणी अडखळले, तर तेथे दोष आहेच. "हा शब्द मला बदलता येत नाही" असे म्हणणारांसाठी राजशेखराने आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत नोंदून ठेविले आहे. शब्द जराही बदलता न येणे हा काव्याचा परिपाक, असे वामनाच्या अनुयायांचे म्हणणे. त्यावर ती विदुषी म्हणते की, हा परिपाक नव्हे, हे असामर्थ्य होय. कारण एकच गोष्ट थोर कवींना अनेक प्रकारे साधता येते. रांगोळीला मोळी सापडते ती अशाच शोधाने.

विषय जाणणारा का हवा, हे त्या मुलीमुळेच आम्हांस नीट कळले. होळीला तिची माणसे भट्टीवरून परत आली, तेव्हा तिने हस्तलिखितातली आपली कविता अंगणात वाचून दाखविली. तिच्या वडिलांस अक्षरओळख नाही. त्यांनी ती दोनदा ऐकली, आणि आपल्या बोलीत विचारले की, आम्ही जातो हे लिहिलेस ते खरे. पण आम्ही परतही येतो, ते कोठे आहे? आम्हां दोघा शिक्षकांपैकी एकासही हा प्रश्न सुचला नव्हता. आम्हांस ती कविता ओस पडलेल्या घराची वाटली होती. ज्यांचे ते घर, त्यांच्या दृष्टीने गोष्ट अर्धीच सांगून झाली होती. शाळेत परतल्यावर तिने वहीत आणखी दोन ओळी लिहून दाखविल्या :

होळी आली की सारे पुन्हा घराला येती;
काटी काढून दारी नवी सारवू माती.

'येती–माती' हे यमक अर्धेमुर्धेच आहे. आम्ही तसे तिला सांगितले, व का ते फळ्यावर लिहून दाखविले. "बघते, गुरुजी," असे म्हणून तिने वही मिटली.